बेळगावात लिक्युला पामची पानं कडेनं करपतायत, जागा बदलू का?

अनगोळचं परसू

नमस्कार मंडळी. लिक्युला पामबद्दल विचारायचं आहे. गोल, चुण्या पडलेलं, कुठंही न फाटलेलं अख्खं पान असतं, तो.

दिवाळीत गोव्यात फोंड्याला आत्याकडं गेलो होतो. तिच्या मागच्या दारी माडांच्या सावलीत हा उभा आहे. आईनं तो बघितला आणि म्हणाली, दुसरं काही नको, हे एक झाड घेऊया. येताना तिकडच्याच एका नर्सरीतून गुडघ्याएवढं रोप घेतलं आणि चोर्ला घाटातून मांडीवर धरून घरी आणलं. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं, ऊन भरपूर द्या आणि पाणी रोज घाला. म्हणून फाटकाजवळच्या कट्ट्यावर, पूर्वेच्या बाजूला ठेवलं.

संक्रांतीपर्यंत बरं होतं. त्यानंतर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. आता मार्चमध्ये कडेपासून बोटभर आत करपलंय. चार पानांतली खालची दोन पिवळी पडायला लागली आहेत. मधली सुई, म्हणजे न उघडलेलं नवं पान, दिवाळीपासून तशीच आहे, उलगडायचं नावच घेत नाही. आत्याकडं तर म्हणे वर्षभर पानं येत असतात.

आमच्या परसात एक जुना आंबा आहे, विहीर आहे. जमीन काळी. पाणी विहिरीचंच घालतो. आता हे कुंडीतच ठेवू, जमिनीत लावू, की बेळगावच्या हवेत हे जगणारच नाही असं समजू? आई रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन सुई बघून येते, त्यामुळं नीट माहिती असेल त्यांनीच सांगा, ही विनंती.

निपाणीकर

आमच्याकडं निपाणीत हवा तुमच्यापेक्षा कोरडी. लिक्युलाचं पान कधी पूर्ण हिरवं राहिलंच नाही, म्हणून मी तो नाद सोडला. त्याऐवजी रॅपिस लावा. तोही बुटका, सावकाश वाढणारा, पण काटक. वेताच्या काड्यांसारखी खोडं येतात, त्यांच्यावर काळपट काथ्या असतो, आणि बुडातून नवे फुटवे फुटत राहतात. एक खोड गेलं तरी झाड राहतं. सावलीत ठेवा म्हणजे झालं, उन्हात तो पिवळा पडतो.

ऊनच असेल तर फिनिक्स रोबेलेनी. बारीक पानांचा, खजुराच्या जातीतला. त्याच्या देठाच्या बुडाशी सुईसारखे लांब काटे असतात, लहान मुलं असतील तर वाटेवर लावू नका.

जांबोटीची माहेरवाशीण

निपाणीकर दादा, रॅपिसबद्दल तुम्ही सांगितलंत ते पटलं. पण अनगोळच्या दादांनी एवढ्यात लिक्युला सोडावा असं मला वाटत नाही. माझं माहेर जांबोटीकडचं, सासर शहापूर. माहेरी सुपारीच्या बागेत हा पाम नुसता लावून सोडला तरी वाढतो. शहापुरात मात्र त्याच्यामागं राहावं लागतं. दोन्हीकडं मी तो वाढवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झाड कुठलं ते बघा. लिक्युला ग्रँडिस मूळचा वानुआटूचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात जी बेटं आहेत तिथला. मोठ्या झाडांच्या खाली, दमट हवेत, बारा महिने उबेत वाढणारा. फोंड्याची हवा त्याला जवळची. बेळगाव समुद्रापासून फार लांब नाही, पण आपण घाटाच्या वर, साडेसातशे मीटर उंचीवर आहोत. पावसाळ्यात आपली हवा त्याला अगदी मानवते. दिवाळीनंतर पूर्वेकडून कोरडा वारा सुरू झाला की त्याचे हाल होतात. पहाटे गारठा, दुपारी कोरडं ऊन आणि त्यात वारा. पान एवढं मोठं आणि अख्खं, त्यातून पाणी उडून जातं तेवढं मुळं वर पोचवू शकत नाहीत. पाणी सगळ्यात शेवटी पोचतं ते कडेला, म्हणून कड आधी जळते. तुम्ही पाणी कितीही घातलंत तरी ही कड जळणारच, कारण पाणी कुंडीत आहे आणि कोरडेपणा हवेत.

तेव्हा माझं सांगणं एकच, आधी जागा बदला. खत, औषध, माती हे सगळं त्यानंतर. फाटकाजवळचा पूर्वेचा कट्टा ही तुमच्या घरातली त्याच्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे. सकाळचं ऊन आणि पूर्वेचा वारा दोन्ही थेट अंगावर येतात. आजच्या आज उचला आणि आंब्याखाली, विहिरीच्या बाजूला न्या. विहिरीजवळ जमीन ओलसर राहते, वर आंब्याची सावली, एका बाजूला घराची भिंत मिळाली तर उत्तमच. पूर्वेची बाजू उघडी असेल तर कर्दळ नाहीतर केळ लावा. तोपर्यंत 50 टक्क्यांचं हिरवं शेडनेट बांबूला बांधून उभं करा, छतासारखं वर नको, वाऱ्याच्या बाजूला आडवं. पावसाळ्यात पश्चिमेचा वाराही सोसाट्याचा असतो, त्यानं चुण्यांवर पान फाटतं. एकदा फाटलेलं पान सांधत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा विचार आत्ताच करून ठेवा.

नर्सरीवाल्यानं ऊन द्या सांगितलं ते या झाडाच्या बाबतीत बरोबर नाही. रोप लहान असताना तर नाहीच. उन्हानं करपलेलं कसं ओळखायचं सांगते. ऊन लागलं की पानाच्या मध्यावर, जो भाग सूर्याकडं असतो तिथं, फिकट पांढुरके डाग पडतात. कोरड्या वाऱ्यानं कडा सगळीकडून सारख्या करपतात. खाऱ्या पाण्यानं टोकं आधी जातात आणि कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर दिसतो. तुमचं एकदा नीट बघून सांगा. माझा अंदाज, वारा आणि पाणी दोन्ही.

पाण्याचं म्हणाल तर अनगोळ, वडगाव, येळ्ळूर या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात बऱ्याच विहिरींचं पाणी जड, म्हणजे क्षाराचं असतं. भाजीपाल्याला चालतं, याला नाही. राकसकोपचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून ठेवा आणि तेवढं फक्त या झाडाला घाला. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवलंत तर त्याहून चांगलं. आता एकदा गोड्या पाण्यानं कुंडी धुवून काढा. म्हणजे खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत हळूहळू ओतायचं, थोडा वेळ थांबून परत ओतायचं. क्षार त्यातून निघून जातात. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर ती काढा, नाहीतर निघालेलं क्षाराचं पाणी मुळं परत ओढून घेतात.

रोज पाणी घालायची गरज नाही. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी थांबा. थंडीत तर फारच कमी. गार मातीत मुळं काम करत नाहीत, पाणी नुसतं साचून राहतं.

आता सुई. तीन-चार महिने एकच सुई धरून बसणं बेळगावच्या थंडीत नवल नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडं पारा 14-15 अंशांवर येतो. एवढ्या थंडीत लिक्युला मरत नाही, पण थांबतो. 10 अंशांच्या खाली गेला की त्याला त्रास होतो, तेवढं आपल्याकडं क्वचितच. फोंड्यात तो थांबतच नाही, हा फरक हवेचा आहे, तुमच्या हाताचा नाही. आईंना सांगा, एप्रिल-मेमध्ये एखादा वळीव पडून हवा दमट झाली की सुई हलायला लागेल. आपल्याकडं त्याची खरी वाढ मृगापासून दसऱ्यापर्यंत. वर्षाला मोजकीच पानं येणार, पण एकेक पान पुढं हातभर रुंद होतं आणि नीट सांभाळलं तर फार दिवस टिकतं. म्हणून तर प्रत्येक पान वाचवायला जीव लावावा लागतो.

तरीही सुई एकदा तपासाच. दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढून बघा. घट्ट असेल तर काळजी नको. सैल लागली किंवा हातात आली, बुडाला कुजकट वास आला, तर लगेच कळवा. याला एकच खोड आणि एकच कोंब. रॅपिससारखे बुडातून फुटवे येत नाहीत. कोंब गेला की झाड गेलं.

पिवळी पानं कापू नका. हे मुद्दाम सांगते, कारण स्वच्छ दिसावं म्हणून सगळे तेच आधी करतात. पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की पाम जुन्या पानांतलं काढून नव्याला देतो. जुनं कापलंत की तो वरच्या पानातून घ्यायला लागतो आणि पिवळेपणा एक पायरी वर चढतो. पूर्ण वाळून तपकिरी झालं की मगच काढा. करपलेली कड दिसायला नको असेल तर कात्रीनं पानाच्या आकारात कापा, पण दोराएवढी तपकिरी रेघ शिल्लक ठेवून. हिरव्यात कापलं तर तिथून परत वाळत जातं.

जमिनीत लावायचं का, ते पुढच्या वेळी लिहिते. आधी वरचं बघून सांगा.

अनगोळचं परसू

काकू, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं लगेच मला कुंडी उचलायला लावली.

बघितलं ते असं. सुई घट्ट आहे. पानाच्या मध्ये पांढुरके डाग नाहीत. कडा सगळीकडून करपल्यात आणि टोकं त्याहून जास्त. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे, आम्ही तो चुन्याचा समजत होतो. खालच्या दोन पानांचं पिवळं असं आहे की कडेचा रुंद पट्टा पिवळा आणि देठाजवळचा भाग अजून हिरवागार.

आंब्याखाली नेल्यावर आणखी एक झालं. दोन दिवसांत पानांवर काहीतरी चिकट पडलंय, हात लावला तर चिकटतं. कीड लागली का? आणि जमिनीचं सांगा ना, आईची इच्छा आहे की ते जमिनीतच असावं.

जांबोटीची माहेरवाशीण

सुई घट्ट आहे हे वाचून बरं वाटलं.

चिकट आहे ते पामचं नाही, आंब्याचं आहे. मोहोरावर तुडतुडे आले की ते गोड चिकटा सोडतात, तो खाली पडतो. काही दिवसांनी त्याच्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते आणि पानाला उजेड मिळत नाही. ओल्या मऊ फडक्यानं पान पुसून काढा, चुणीच्या दिशेनं, देठाकडून कडेकडं. आडवं पुसू नका. देठाच्या खालच्या भागाला काटे असतात, हात सांभाळा. मोहोर संपेपर्यंत कुंडी आंब्याच्या घेराच्या कडेला सरकवा, सावलीत राहील पण थेंब कमी पडतील. पुसताना पानाच्या मागची बाजूही बघा. चुण्यांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी. उन्हाळ्यात कोरड्या हवेत कोळी येतोच. पानामागून पाण्याचा फवारा जोरात मारला तर बराचसा जातो, मात्र हे सकाळी करा. संध्याकाळी सुईत पाणी साचू देऊ नका.

कडेला पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवं, ही मॅग्नेशियमची कमतरता. लिटरभर पाण्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून महिन्यातून एकदा मातीत घाला. कुंडी आधी धुऊन घ्या, मग हे. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, पुढची पानं चांगली येतील. बाकी खत आत्ता नको. पावसाळा सुरू झाला की कुजलेलं शेणखत दोन मुठी आणि निंबोळी पेंड एक मूठ, पुन्हा गणपतीनंतर तेवढंच. पामला नत्र आणि पालाश जास्त लागतं, स्फुरद कमी. कुणी चुलीची राख घाला सांगेल. जांबोटीच्या तांबड्या मातीत आम्ही घालतो, पण जड पाण्याच्या कुंडीत राख नको, क्षार आणखी वाढतो आणि नवी पानं पिवळी यायला लागतात.

जमिनीचं सांगते. आईंची इच्छा रास्त आहे. जमिनीत मुळं मोकळी होतात, उन्हाळ्यात ओल टिकते, झाड शेवटी तिथंच शोभतं. पण तुमच्या काळ्या मातीत थेट खड्डा खणून लावू नका. जुलैमध्ये त्या खड्ड्यात पाणी भरलं की उतरतच नाही, आणि उन्हाळ्यात तीच माती तडकून मुळं तोडते. खड्डा न करता वर चढवायचं. जमीन वीतभर उकरून भुसभुशीत करा, त्यावर जांभ्या दगडाचे तुकडे पसरा, आणि वर गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच, तीन-चार फूट रुंद असा वाफा चढवा. माती खानापूर बाजूची तांबडी. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग भाताचं तूस. येळ्ळूरच्या बाजूला भाताच्या गिरणीत तूस मिळेल. ताजं तूस असेल तर आधी पावसात किंवा पाण्यात भिजवून थोडं मुरू द्या. कडेला जांभ्याचे दगड रचले की माती वाहून जात नाही.

लावायचं मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन भिजली की, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मातीत ऊब असते, हवा दमट असते, पुढं चार महिने मुळांना मिळतात. कुंडी प्लास्टिकची असेल तर बाजूनं कापा, मातीची असेल तर फोडा, पण ओढून काढू नका. मुळांचा गोळा मोडला तर लिक्युला वर्षभर रुसतो. कुंडीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच बाहेरही राहू द्या. वर माती चढवून खोड पुरलं तर कुजतं. वरून पिंजराचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर द्या, खोडापासून चार बोटं लांब ठेवून.

आंब्यापासून मात्र थोडं दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला. बुंध्याशी आंब्याची मुळं सगळं पाणी ओढतात.

टिळकवाडी, दुसरा मजला

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडं परसू नाही, फ्लॅट आहे. हॉलमध्ये हा पाम ठेवला तर चालेल का? फोटो बघून फार आवडला. गॅलरी पश्चिमेला आहे.

जांबोटीची माहेरवाशीण

ताई, चालेल, पण खिडकीच्या जवळ, जिथं दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो एवढा उजेड हवा. पंख्याच्या थेट झोतात नको, एसीच्या तर नकोच. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतरचं ऊन त्याला सोसणार नाही. जून ते सप्टेंबर गॅलरीत आत सरकवून ठेवा, तेव्हा ऊनही नसतं आणि हवा त्याच्या मनासारखी असते. मात्र फार वाऱ्याच्या दिवशी आत घ्या. घरात दुसऱ्या कुंड्या असतील तर सगळ्या जवळजवळ ठेवा, एकमेकांच्या पानांतून निघालेली वाफ सगळ्यांना मिळते. कुंडी मोठी घेऊ नका. झाड सावकाश वाढतं, मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत ती माती ओली राहून आंबते. बारा इंची पुष्कळ झाली.

तुम्ही पहिल्यांदाच पाम लावत असाल तर निपाणीकर दादांचा रॅपिस घ्या, हे मी मनापासून सांगते. हॉलमध्ये तो जास्त चांगला राहतो.

निपाणीकर

वहिनी, एक विचारू? तुम्ही कोंब कुजण्याबद्दल लिहिलंत. आमच्या बाजूला पावसाळ्यात नारळाचेही कोंब जातात. या छोट्या पामला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, चालतं का? आणि प्रमाण काय घ्यायचं?

जांबोटीची माहेरवाशीण

चालतं की. माहेरी सुपारीवर कोळेरोगासाठी, म्हणजे फळं कुजून गळतात त्या रोगासाठी, दर पावसाळ्याच्या तोंडाला मारतात, तेच एक टक्का. बागेसाठी मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. घरच्या एक-दोन झाडांना 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 10 लिटर पुरे. मोरचूद 5 लिटर पाण्यात वेगळं विरघळवा, चुना 5 लिटरमध्ये वेगळा, नंतर दोन्ही एकत्र ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पान जळेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा, थर यायचा बंद होईपर्यंत. केलं त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही.

लिक्युलाच्या सुईच्या बुडाशी आणि देठांच्या बेचक्यात फवारा, पूर्ण पानावर नको, निळे-पांढरे डाग बरेच दिवस राहतात. पहिला फवारा पाऊस लागायच्या आधी, पानं कोरडी असताना. अनगोळच्या दादांनी झाड जूनमध्ये हलवायचं ठरवलं तर हा फवारा मेच्या शेवटी कुंडीतच मारून घ्यावा आणि आठवडाभरानं लावावं. लावल्यावर वाफ्याच्या वरच्या अंगाला पन्हळीचं पाणी पडत नाही ना, तेवढं पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. पडत असेल तर पन्हळीला नळी जोडून ते पिंपात घ्या, उन्हाळ्यात या झाडालाच उपयोगी पडेल.